घशाखालचे राज्य

एका गडावर एक राजा होता, आणि त्या राजाला जबडा होता. दुसरी गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण करंजगडावर ती उघडपणे बोलायची सोय नव्हती. राजा रोज सगळ्यांसमोर जेवे. पण त्याचा जबडा हलताना कुणाला दिसता कामा नये, असा तिथला रिवाज होता. चावतात ती गुरे. राजा घास तोंडात घेतो आणि तो खाली जातो. मधे काही घडत नाही.

या रिवाजाचे मूळ काही फार थोर नव्हते. राजाच्या खापरपणजोबांचे सगळे दात म्हातारपणी पडले होते. बोळक्या तोंडाने चावताना पाहून लोक हसतील, म्हणून ते दरबारात मऊ भात नुसता गिळत. भाटांनी त्याचेच कवन केले, ‘आमचा धनी रवंथ करीत नाही!’ पुढे म्हातारा गेला, त्याचा मऊ भातही गेला, कवन तेवढे राहिले. नंतरच्या राजांच्या तोंडात धडधाकट दात होते आणि ताटात मटणाची सागुती होती. तरी तेही गिळतच राहिले. लाजेलाच एकदा मान म्हटले, की तो सोडवत नाही. करंजगडावर नेमके तेच झाले होते.

आताचे राजे रुद्राजीराव. माणूस शूर, घोड्यावर मांड पक्की, हुकूम असा कडक की वाराही विचारून वाहावा. रोज दुपारी सदरेवर त्यांचे पान मांडले जाई. दोन्ही बाजूंना मानकरी बसत. राजे मटणाचा तुकडा उचलत, तोंडात टाकत आणि वर पाण्याचा घोट घेऊन खाली लोटत. मानकरीही तसेच करत, फक्त चिमणीच्या घासाएवढे तुकडे घेऊन. राजापेक्षा जास्त दात वापरणे म्हणजे बेअदबी. घरी गेल्यावर दार लावून ते काय चावत असतील ते त्यांनाच ठाऊक.

दुपार कलली की राजांच्या पोटात गोळा उठे. छातीत जळजळ होई, आंबट ढेकर येत, पोट फुगे आणि गुरगुरू लागे. राजाचे पोट गुरगुरते हेही कुणी ऐकायचे नसते. म्हणून दिवाण विसाजीपंतांनी एक युक्ती काढली होती. पोटाचा आवाज सुरू झाला की ते डोळ्याने खूण करत आणि नगारची नगाऱ्यावर टिपरी मारी. गडाखालच्या गावात नवा पाहुणा दचकून विचारी, “काय हो, स्वारी निघाली की काय?” गावकरी म्हणत, “छे! सरकारांचं जेवण झालं.”

सगळ्यांना सगळे माहीत होते. बोलत कुणी नव्हते.

राजवैद्य शिदोबांना तर सर्वांत जास्त माहीत होते. ते रोज ओवा देत, हिंग देत, सुंठेचा काढा देत. “सरकार, घास जरा...” एवढे बोलून ते थांबत. वैद्यकीचे वतन होते, गडावर चिरेबंदी घर होते. जरा थांबणे परवडत होते.

त्या वर्षी दसऱ्याला शेजारच्या गडाचे पाहुणे आले. मुदपाकखान्यात गोजराबाई होती. ती खालच्या गावची, विधवा, हाताला चव असलेली आणि तोंडाने फटकळ. तिने सागुती रांधली, जाडजूड ज्वारीच्या भाकरी थापल्या, हरभऱ्याची उसळ केली. पाहुण्यांसमोर राजांना चेव आला. एरवीपेक्षा मोठे तुकडे त्यांनी एरवीपेक्षा ताठ मानेने गिळले. पाहुणे थक्क झाले. मग तिसऱ्या प्रहरी, विडे वाटले जात असतानाच, राजे कळवळून आडवे झाले आणि खाल्लेले सगळे त्यांनी गालिच्यावर उलटून टाकले. नगारची बिचारा जीव तोडून नगारा बडवत राहिला. पण उलटीपुढे नगारा काय करणार?

राजांना दुखण्यापेक्षा लाज जास्त झोंबली. विसाजीपंतांनी ती ओळखली आणि तिला वाट काढून दिली. “विष!” ते ओरडले. “सरकारांना विष घातलं!”

विष म्हटल्यावर राजाची लाज झाकली जाते, पण दुसऱ्या कुणाचा तरी गळा उघडा पडतो. गोजराबाईला पीठ भरल्या हातांनीच धरून आणले.

दुसऱ्या दिवशी सदर भरली. शिक्षा ठरल्यासारखीच होती. राजाला विष घालणाऱ्याचा कडेलोट. राजवैद्याने ‘विषच’ म्हणून साक्ष दिली की झाले.

“सरकार,” गोजराबाई म्हणाली, “त्याच पातेल्यातलं समद्या गडानं खाल्लं. पाव्हण्यांनी खाल्लं. म्या बी खाल्लं.”

“मग सरकारांनाच का बाधलं?” विसाजीपंतांनी विचारले.

याचे उत्तर सदरेवरच्या प्रत्येक माणसाला येत होते. प्रत्येकाने आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिले.

“वैद्यबुवा,” दिवाण म्हणाले, “तुम्ही बोलायचीही गरज नाही. नुसती मान हलवा.”

शिदोबा उठले. त्यांनी गोजराबाईकडे पाहिले. तिच्या हातांवरचे पीठ वाळून भेगाळले होते. ते हात कड्यावरून खाली जाणार होते, आणि शिदोबांनी एकदा मान हलवली की पुरे होते. इतकी वर्षे ते जरा जरा थांबत आले होते, त्या थांबण्याने हिला इथवर आणले, हे त्यांना लख्ख दिसले. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला. मग त्यांनी मान हलवली, पण आडवी.

“विष नाही,” ते म्हणाले. “आणि आज मी सगळं बोलणार आहे.”

“थोडक्यात सांगा,” राजे गुरकावले.

“थोडक्यात गिळायची सवय सरकारांना आहे. हे मला चावूनच सांगावं लागेल. गुन्हा पोटात घडला म्हणता ना? मग पोटाच्या रस्त्यावरच्या चौक्या तपासू. हा रस्ता तोंडापासून निघतो. तो संपतो कुठं त्याचं नाव सदरेवर घेत नाही, पण रोज सकाळी सगळे तिथंच बसतात.”

कोणीतरी हसले आणि ते हसू खोकल्यात लपवले.

“पहिली चौकी तोंडाची. तिथं दात घास भरडतात आणि लाळ तो भिजवते. पचनाचं काम लाळेपासूनच सुरू होतं. पुढं घसा. तिथं श्वासाची नळी आणि अन्नाची नळी शेजारी शेजारी आहेत. घास आला की श्वासाच्या नळीवर एक झाकण पडतं. ते आपोआप पडतं, हुकूम लागत नाही. मग अन्ननलिका. ती मागून आवळत आवळत घास पुढं ढकलते, चामड्याच्या बुधल्यातलं घट्ट तूप पिळून काढावं तशी. सरकारांना झाडाला उलटं टांगलं, तरी घास पोटाकडंच जाईल.”

“वैद्यबुवा!” विसाजीपंत किंचाळले. “सरकारांना टांगायची भाषा?”

“घास तपासतोय, दिवाणजी. मधे बोलू नका, ठसका लागेल.” शिदोबांचा आवाज आता चढला होता. “पुढं जठर. पखालीसारखी पिशवी. ती अन्न घुसळते आणि त्यावर आंबट रस सोडते. रस इतका जहाल की पिशवीला आतून बुळबुळीत लेप नसता, तर तिनं स्वतःलाच खाल्लं असतं. पण महाराज, त्या पिशवीत दात नाहीत! आणि तिच्या खालच्या तोंडाशी एक दरवान बसलाय. कांजीसारखं पातळ झालेलं तेवढंच तो थोडं थोडं पुढं सोडतो. मटणाचा अख्खा तुकडा आला की म्हणतो, मागे फीर. तुकडा राजाचा आहे की भिकाऱ्याचा, हे तो विचारत नाही. मग तुकडे साचतात. पिशवी घुसळून घुसळून थकते. रस वर उसळतो आणि छाती जळते.”

राजांचा हात नकळत छातीवर गेला होता. तो त्यांनी झटकन खाली घेतला.

“दरवानाच्या पुढं लहान आतडं. नाव लहान, पण उलगडलं तर माणसाच्या उंचीच्या कितीतरी पट लांब. तिथं यकृताकडून पित्त येतं आणि तूपतेल फोडतं. स्वादुपिंडाकडून रस येतो आणि राहिलेलं अन्न विरघळवतो. या आतड्याला आतून मखमलीसारखी लव आहे. त्या लवेतून अन्नाचा कस रक्तात जातो. खरं जेवण तिथं होतं, सदरेवर नाही. शेवटी मोठं आतडं. ते उरल्यासुरल्यातलं पाणी शोषून घेतं आणि गाळ बाहेर धाडतं. न चावलेला हरभरा तिथवर पोचला की आंबतो आणि वारा धरतो. तो वारा आपल्या नगारचीला चांगला ओळखतो.”

आता हसायचीही कुणाची छाती झाली नाही. नगारचीने टिपरी मांडीखाली लपवली.

“विष कुठल्या चौकीवर सापडलं ते सांगा,” विसाजीपंत म्हणाले.

“कुठल्याच नाही. काल गालिच्यावर जे पडलं ते मी पाहिलं. तुकडे जसे ताटात होते तसे होते. एकावरही दाताची खूण नव्हती. सगळ्या चौक्या इमानानं राबतात, महाराज. पहिली तेवढी आपण ओस टाकलीत.”

राजे उठून उभे राहिले. “या राज्यात आमचा हुकूम चालतो. पोटही आमचंच आहे.”

“हुकूम ओठांवर चालतो, दातांवर चालतो, जिभेवर चालतो. घास एकदा घशाखाली उतरला की संपलं. सगळ्या वाटेवर आपण ज्यांना हुकूम देऊ शकतो असे दरवाजे दोनच, पहिला आणि शेवटचा. मधे कुणी आपलं ऐकत नाही. घशाखाली आपलं राज्य संपतं, महाराज.”

शिदोबांनी पुराव्यासाठी आणून ठेवलेल्या कालच्या टोपलीतली भाकरी उचलली, तुकडा मोडला आणि सगळ्यांच्या देखत चावायला सुरुवात केली. सावकाश, आवाज करत, गालफड फुगवून. करंजगडाच्या सदरेवर पिढ्यान्‌पिढ्यांत पहिल्यांदाच जबडा हलला. काही मानकऱ्यांनी तोंड फिरवले. काहींच्या तोंडाला पाणी सुटले, ते मात्र त्यांनी गिळून टाकले.

“दोघांचाही कडेलोट!” राजे गरजले. “पाहुणे गडावरून उतरले, की लगेच.” सणाचे पाहुणे गडावर असताना कडेलोट करायचा नाही, असा संकेत होता.

“अवश्य,” शिदोबा घास संपवून म्हणाले. मधे बोलले नाहीत, कारण तोंड भरलेले होते. “पण उद्या पुन्हा पोट दुखेल. तेव्हा कुणाला ढकलणार, तेवढं ठरवून ठेवा.”

दोघांना कोठडीत टाकले. मुदपाकखान्यात नवा आचारी आला. राजे जेवले आणि पोट दुखले. आचाऱ्याची उचलबांगडी झाली, दुसरा आला. पोट दुखले. मग गड चढून यायला आचारीच तयार होईना. चुलीला धूर नाही म्हणून शेवटी राजांसाठी दिवाणांच्या घरून जेवण येऊ लागले. ते खाऊनही राजांचे पोट दुखले, तेव्हा मात्र विषाची गोष्ट कुणीच काढली नाही. सगळ्यांत कमी विसाजीपंतांनी काढली.

पाहुणे उतरायची वेळ जवळ आली. एका दुपारी राजे एकटेच कोठडीशी आले. पहारेकऱ्याला त्यांनी लांब पाठवले. त्यांच्या उपरण्यात भाकरीचा तुकडा होता. पोटात दोन दिवसांपासून काही टिकत नव्हते आणि डोळे खोल गेले होते.

“कसं करायचं?” त्यांनी हळूच विचारले.

शिदोबांना त्या क्षणी हसू आले नाही. एवढा मोठा माणूस, आणि घास कसा चावायचा हे विचारायला चोरून येतो, याचे त्यांना वाईट वाटले. “लहान तुकडा घ्या,” ते म्हणाले. “जिभेनं फिरवत राहा. गिळायची घाई करू नका. तो पातळ झाला की आपणहून जाईल.”

राजे भिंतीकडे तोंड करून बसले आणि चावू लागले. प्रथम जबडा अवघडला. मग जरा सैलावला. थोड्या वेळाने राजे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखे नवल होते.

“ही भाकरी गोड कशी लागते?”

“चावली म्हंजी गोडच लागती, सरकार,” गोजराबाई म्हणाली. “तुमच्याच रानातला जुंधळा हाय.”

राजांनी तुकडा संपवला आणि तिथेच बसून राहिले. ऊन भिंतीवरून सरकत गेले. गोळा उठला नाही. जळजळ नाही, गुरगुर नाही. राजांनी दोन्ही हात पोटावर ठेवले आणि त्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्यांची ही पहिली शांत दुपार होती.

“जा,” ते म्हणाले. “दोघेही मोकळे आहात. मागच्या तटातल्या लहान दारानं, चोरदिंडीनं, खाली उतरा. कुणी विचारणार नाही.”

शिदोबा उठले. गोजराबाई उठली नाही.

“म्या न्हाई जायाची.”

“काय?”

“सरकार, इख घातलं म्हून तुम्ही मला भर सदरंवर धरून आणलं. आन्‌ घास मातुर हितं भिताडाकडं त्वांड करून चावला. आता चोरदिंडीनं उतरू? खाली गावात मला कोन म्हनंल, ही बाई निर्दोष हाय? मी घातलेलं पानी तरी कुनी पिईल का?”

“बाई,” राजे म्हणाले, “पाहुणे उद्या उतरतायत. कडा समोर आहे. भीती नाही वाटत?”

“लई वाटती. रातभर डोळा लागत न्हाई. पर इखारी बाई म्हून जगायचं, त्यापरीस कडा बरा. तुम्ही आळ चारचौघांत घेतला. आता घास बी चारचौघांतच चावा.”

राजांनी शिदोबांकडे पाहिले, जणू आता शहाण्या माणसाने काही तरी मधला मार्ग काढावा. शिदोबांनी खांदे उडवले आणि गोजराबाईच्या शेजारी पुन्हा खाली बसले. उघड्या दारातून राजेच तेवढे बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सदर भरली. पाहुण्यांना निरोपाचे जेवण होते. राजांनी दोघांना कोठडीतून काढून शिदोबांना सदरेवर बसवले होते, गोजराबाईला मुदपाकखान्यात पाठवले होते आणि तिला तेच रांधायला सांगितले होते. तीच सागुती, तीच उसळ, त्याच जाड भाकरी. तिने सगळ्यांच्या देखत राजांचे पान वाढले. पाहुणे मागे सरकून बसले.

राजांनी लहानसा घास घेतला. विसाजीपंतांना वाटले, आता जबडा हलणार, निदान आवाज तरी झाकू. त्यांनी नगारचीला खूण केली. राजांनी हात वर केला आणि नगारचीची टिपरी हवेतच थांबली.

मग राजे चावू लागले. सगळ्या सदरेला ऐकू येत होते. राजांचे कान लाल झाले होते, मान मात्र खाली गेली नव्हती. घास गेल्यावर ते म्हणाले, “विष नव्हतं. आमचा घास मोठा होता, आणि आमची लाज त्याहून मोठी होती. या बाईचा काही दोष नव्हता. आम्ही तिच्यावर खोटा आळ घेतला.”

एका म्हाताऱ्या मानकऱ्याने हळूच हरभऱ्याचा दाणा दाताखाली धरला. तो कटकन फुटला. मग दुसरा फुटला. थोड्या वेळाने सगळी सदर चावत होती आणि विसाजीपंत कोणाकडे पाहावे या विचारात होते.

गोजराबाई टोपली घेऊन राजांसमोर उभी राहिली. “आनिक भाकरी वाढू का, सरकार?”

राजांचे तोंड भरलेले होते. त्यांनी एक बोट वर केले, थांब म्हणून. आणि राजांचा घास नीट चावून होईपर्यंत, शेजारच्या गडाचे पाहुणे, सगळे मानकरी आणि दिवाण मुकाट्याने थांबले.

तात्पर्य: माणसाची सत्ता ओठांपासून घशापर्यंतच चालते. तेवढ्या जागेतले काम करायची ज्याला लाज वाटते, त्याला त्याचे पोट चारचौघांत लाजवते. आणि आळ चारचौघांत घेतला असेल, तर तो मागे घ्यायला चोरदिंडी चालत नाही.